म्हशीची जुनी हगवण आणि एकाच जंतूची चार भावंडं

मुरबाडजवळच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. घरी १८ म्हशी आणि ३० शेळ्या. चौथ्या वेताची एक मेहसाणी म्हैस चार महिन्यांपासून पातळ शेण टाकते. वैरण नेहमीसारखी खाते, पण फासळ्या मोजता येतील इतकी उतरली आहे आणि हल्ली जबड्याखाली पाणी उतरलंय. क्षयाची सुई टोचून ७२ तासांनी मोजलं, तर दोन्ही जागा सुजलेल्या: गोवंशीय ट्युबरक्युलिनची (गुरांच्या क्षयजंतूच्या अर्काची) ५ मिलिमीटर, पक्ष्यांच्या ट्युबरक्युलिनची ९. गोठ्यातून सकाळी उचलून दिलेल्या शेणावर एका लॅबने लिहिलं, ‘मायकोबॅक्टेरियम एव्हियम कॉम्प्लेक्स, आयएस ९०० पॉझिटिव्ह, सीटी ३७’. दुसऱ्या लॅबने काचपट्टी रंगवून ‘जंतू आढळले नाहीत’ असं कळवलं. शेजारी ब्रॉयलरची शेड आहे. सासरे म्हणतात पावसाळी हगवण आहे, जाईल. या म्हशीच्या दोन लेकी गोठ्यातच आहेत, त्यातली एक सात महिन्यांची गाभण. ताईंना विचारायचंय की हा क्षय, कोंबड्यांचा जंतू की जोन्स रोग, म्हणजे जनावर झिजवणारा आतड्याचा जुनाट जंतुरोग? ‘पोटजात आणि स्ट्रेन तपासणी’ला आणखी पैसे घालावेत का? शेळ्यांनी म्हशींना दिला का? आणि घरात लहान मुलगी आहे, तर दुधाचं काय?

ताई, मी २६ वर्षं ठाणे जिल्ह्यात गुरांचा डॉक्टर आहे आणि त्यातली शेवटची अकरा नवी मुंबईत रोगनिदानाच्या लॅबमध्ये पीसीआर करण्यात गेली. माझा कौल जोन्सकडे आहे. पण तुमच्या हातातल्या दोन रिपोर्टांवरून तो सिद्ध होत नाही, आणि त्यातला एक आकडा मला खटकतोय. तो का खटकतो हे नीट सांगतो, कारण पुढचे पैसे कशावर घालायचे ते त्यावरच ठरतं. एक काम मात्र कुठल्याही रिपोर्टसाठी थांबवू नका: पारड्यांना आणि करडांना त्या म्हशीच्या शेणापासून आजच तोडा.

आधी क्षयाचं. सुईचं वाचन असं असतं की गोवंशीय जागेची सूज पक्ष्यांच्या जागेपेक्षा ४ मिलिमीटरहून जास्त असेल तर क्षय धरायचा. तुमच्याकडे उलट आहे, पक्ष्यांची जागा ४ मिलिमीटरने पुढे. म्हणजे म्हशीच्या शरीराची ओळख एव्हियम घराण्यातल्या कुणाशी तरी झालेली आहे. क्षयाची काळजी यामुळे बरीच कमी होते, पण पूर्ण जात नाही. जोन्सची लागण असलेल्या जनावरात क्षयाची प्रतिक्रिया झाकली जाऊ शकते. म्हणून गोठ्यातल्या बाकी म्हशींची सुई-तपासणी एकदा करून घ्याच.

आता हे एव्हियम घराणं. मायकोबॅक्टेरियम एव्हियम या एकाच जातीच्या चार पोटजाती मानल्या जातात. एव्हियम आणि सिल्व्हॅटिकम या पक्ष्यांच्या. होमिनिस्सुइस माती, पाणी, लाकडाचा भुसा यांत राहते, डुकरांत आणि कधी माणसांतही सापडते. चौथी पॅराट्युबरक्युलोसिस, जोन्स रोगाची. चौघींचा डीएनए एकमेकींशी फार मोठ्या प्रमाणात जुळतो, पण वागणं अगदी वेगळं. पक्ष्यांची पोटजात म्हशीत शिरली तर बहुतेक वेळा त्वचेची सुई बिघडवते, एखाद्या गाठीत जाऊन बसते आणि तिथेच राहते. पॅराट्युबरक्युलोसिस मात्र आतड्याच्या भिंतीत वर्षानुवर्षं मुरते, भिंत जाड करते, प्रथिनं गळायला लावते, आणि तोपर्यंत शेणातून अख्ख्या गोठ्यात पसरते. म्हणून ‘एव्हियम कॉम्प्लेक्स’ एवढंच लिहिलेला रिपोर्ट म्हणजे पत्त्यात फक्त आडनाव. त्याच्यावर गोठ्याचा निर्णय घेता येत नाही.

हा घोळ नवा नाही. १८९५ साली ड्रेस्डेनमध्ये योने आणि फ्रॉथिंगहॅम यांनी अशाच हडकुळ्या गायीच्या आतड्यात क्षयासारखे रंगणारे जंतू पाहिले, आणि त्यांनाही पहिल्यांदा हा पक्ष्यांच्या क्षयाचा प्रकार वाटला. आपण जोन्स म्हणतो ते याच योने यांचं नाव. सूक्ष्मदर्शकाखाली या भावंडांचे चेहरे आजही सारखेच दिसतात. फरक आहे तो जनुकांत.

आणि तिथेच पीसीआर कामाला येते. पीसीआर अख्खा जंतू बघत नाही. डीएनएमधला एक ठरावीक छोटा तुकडा शोधते आणि सापडला तर त्याच्या प्रती करत जाते. दर फेरीला दुप्पट. कितव्या फेरीला यंत्राला तो दिसला, तो सीटी. आकडा जितका लहान, तितका माल जास्त. आयएस ९०० हा तुकडा १९८९ मध्ये वर्णिला गेला आणि जोन्सच्या निदानात त्याने क्रांतीच केली, कारण तो एका जंतूत एकदाच नसतो. जोन्सच्या जंतूच्या के-१० या संदर्भ-स्ट्रेनची (नमुना म्हणून धरलेल्या वाणाची) ४८ लाखांहून जास्त अक्षरांची पूर्ण जनुकीय वाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात आयएस ९०० च्या १७ प्रती आहेत. सतरा ठिकाणी सापडणारी खूण एका ठिकाणी असलेल्या खुणेपेक्षा लवकर हाताला लागणारच. म्हणून बहुतेक लॅब पहिली तीच वापरतात, आणि ते बरोबरच आहे.

अडचण अशी की आयएस ९०० शी मिळतेजुळते तुकडे वातावरणातल्या काही इतर मायकोबॅक्टेरियांतही सापडले आहेत. प्रायमर, म्हणजे तो तुकडा हेरणारे डीएनएचे छोटे धागे, कसे निवडलेत यावर अवलंबून मातीतला एखादा दूरचा नातेवाईकसुद्धा ‘पॉझिटिव्ह’ म्हणून उभा राहू शकतो. विशेषतः सीटी उशिराचा असेल तेव्हा.

तुमचा सीटी ३७ मला इथेच खटकतो. चार महिने हगवण, जबड्याखाली पाणी, म्हणजे जोन्स असेल तर रोग शेवटच्या टप्प्यात आहे. अशी म्हैस शेणातून प्रचंड जंतू सोडते. माझ्या टेबलावर अशा जनावरांचे सीटी बहुधा विशीत येतात. २४ आणि ३७ यांत १३ फेऱ्यांचा फरक, म्हणजे दोनचा तेरावा घात, जवळपास ८ हजार पट. इतकी आजारी म्हैस आणि इतका थोडा माल, हे एकत्र बसत नाही. दुसऱ्या लॅबला काचपट्टीवर काही न दिसणंही त्याच्याशी जुळतं, पण काचपट्टी तशीही पुष्कळदा चुकते, तिच्यावर मी फार भार टाकणार नाही.

न जुळण्याची कारणं दोनच असू शकतात. एक, म्हैस जोन्सचीच आहे आणि परीक्षा नीट झाली नाही. या जंतूची भिंत मेणासारखी जाड असते. नमुना बारीक मण्यांबरोबर जोरात घुसळून ती फोडली नाही तर डीएनए बाहेरच येत नाही. शिवाय शेणातले पित्तक्षार आणि वनस्पतीजन्य पदार्थ पीसीआरचं विकर (एन्झाइम) दाबतात. दोन, म्हशीला हगवण वेगळ्याच कारणाने आहे आणि लॅबला सापडलं ते गोठ्याच्या जमिनीवरचं, म्हणजे शेजारच्या म्हशीचं शेण, माती, वरून उडून आलेली धूळ. तुम्हीच लिहिलंय की शेण गोठ्यातून उचललं. दूषित गोठ्यातली निरोगी म्हैसही वैरणीबरोबर थोडे जंतू गिळते आणि शेणातून तसेच पुढे ढकलते. रिपोर्ट पॉझिटिव्ह, म्हैस ठणठणीत.

आणि ‘वेगळं कारण’ तुमच्या भागात अगदी खरं आहे. मुरबाड-शहापूरची भातखाचरं, ओहोळ, गोगलगायी: चपट्या कृमींना याहून चांगली जागा नाही. यकृतातले चपटे कृमी जनावराला असेच झिजवतात आणि जबड्याखाली असंच पाणी आणतात. पोटातले चपटे कृमी हगवण लावतात. नोकरीच्या सुरुवातीला भिवंडीकडच्या एका तबेल्यात मी याच्या बरोबर उलट चूक केली होती. कृमीच धरून एका म्हशीला तीन महिने औषधं देत राहिलो. ती जोन्सची निघाली, आणि त्या तीन महिन्यांत ती पारड्यांच्या शेजारच्याच दावणीला बांधलेली होती. पुढच्या काही वर्षांत त्या तबेल्यात काय झालं ते मी पाहिलंय. म्हणून मी आता दोन्ही गोष्टी एकाच दिवशी तपासतो, एक झाल्यावर दुसरी नाही. कृमींची अंडी बघायला शेण तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. तो खर्च नगण्य आहे.

आता नमुना पुन्हा घ्या, आणि या वेळी गुदाशयातून. नवा हातमोजा, हात कोपरापर्यंत, मूठभर शेण, स्वच्छ नवीन झाकणाची डबी. प्रत्येक म्हशीला मोजा वेगळा. हे लोक टाळतात आणि एका म्हशीचं दुसरीच्या डबीत जातं. थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या जेलच्या पिशव्या भरून त्याच दिवशी पोचवा. नवी मुंबईकडे येणार असाल तर शिळफाट्याची कोंडी धरून पहाटे निघा, दुपारच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेला नमुना बघून माझा जीव तुटतो. म्हैस शेणातून रोज सारखे जंतू सोडत नाही, म्हणून आजारी म्हशीचे आठवड्याच्या अंतराने दोन नमुने बरे.

लॅबला जे विचारायचं ते लिहूनच न्या, कारण काउंटरवर ‘जोन्सची टेस्ट’ म्हटलं की आयएस ९०० करून मोकळे होतात. म्हणा: आयएस ९०० बरोबर एफ ५७ करा. एफ ५७ हा तुकडा पॅराट्युबरक्युलोसिसमध्येच आहे, एकाच प्रतीत. तो कमी संवेदनशील आहे, पण जिथे तो उमटला तिथे पोटजातीबद्दल शंका उरत नाही. एफ ५७ करत नसतील तर आयएसमॅप ०२ विचारा, त्याच्या सहा प्रती असतात. दोघांपैकी कुठलाही चालेल, पण दुसरी खूण हवीच. शेजारची कोंबड्यांची शेड आहे म्हणून त्याच डीएनएवर आयएस ९०१ लावायला सांगा, ती पक्ष्यांच्या पोटजातीची खूण. आयएस ९०१ आली आणि एफ ५७ नाही, तर सुईची ९ मिलिमीटर सूज कोंबड्यांनी दिली आणि हगवणीचं कारण अजून शोधायचं आहे, असं समजा. आणखी एक: ‘आतला कंट्रोल चालला का?’ हा प्रश्न विचाराच. नमुन्यात मुद्दाम घातलेला ओळखीचा डीएनएसुद्धा उशिरा आला किंवा आलाच नाही, तर पीसीआर दबलेली आहे आणि ‘निगेटिव्ह’ला अर्थ नाही. माझी जुनी सवय म्हणजे तोच डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावणं. दबाव नसेल तर सीटी सुमारे ३.३ ने वाढायला हवा. वाढण्याऐवजी कमी झाला, तर पहिला आकडा खोटा होता. तुमच्या ३७ चं असंच काही निघेल असा माझा अंदाज आहे.

जोपासनेची म्हणजे कल्चरची चाचणी कुणी सुचवली तर एवढं लक्षात ठेवा की हा जंतू मायकोबॅक्टिन नावाचं लोह पकडणारं द्रव्य बाहेरून दिल्याशिवाय वाढत नाही आणि वाढायलाही दोन-चार महिने घेतो. एका म्हशीच्या निर्णयासाठी तेवढं थांबणं परवडणारं नाही. रक्ताची किंवा दुधाची एलायझा, म्हणजे जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी चाचणी, स्वस्त आहे आणि आजारी म्हशीत चांगली चालते. लागण लपलेली असताना मात्र ती बहुतेकींना सोडून देते. कळपाची मोघम कल्पना घ्यायला ठीक, पण ‘एलायझा निगेटिव्ह म्हणजे म्हैस स्वच्छ’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

स्ट्रेन तपासणीचं. लोकांना हे नाव भारी वाटतं, म्हणून जरा सविस्तर. पॅराट्युबरक्युलोसिसमध्येही उपप्रकार आहेत: मेंढ्यांचा, गुरांचा आणि बायसनचा. ते ओळखायला आयएस १३११ नावाचा तुकडा घेतात. त्यातल्या २२३ व्या जागेवरचं एक अक्षर मेंढ्यांच्या प्रकारात सगळ्या प्रतींत ‘सी’ असतं, बायसनच्या प्रकारात सगळ्यांत ‘टी’, आणि गुरांच्या प्रकारात काही प्रतींत सी, काहींत टी. दोन कात्री-विकरं लावली की तुकडे वेगवेगळ्या लांबीचे पडतात आणि जेलवर पट्ट्यांची रांग वाचता येते. एका अक्षराच्या फरकावर उभी असलेली ही चाचणी मला आजही सुंदर वाटते.

आता तुमचा प्रश्न: शेळ्यांनी म्हशींना दिला का? मथुरेजवळच्या मखदूमच्या केंद्रीय शेळी संशोधन संस्थेने या विषयावर देशात सगळ्यात जास्त काम केलंय, आणि त्यांना आपल्याकडच्या शेळ्या, मेंढ्या, गायी, म्हशी या सगळ्यांत प्रामुख्याने एकच प्रकार सापडत आला, त्याला इंडियन बायसन टाइप म्हणतात. म्हणजे तुमच्या म्हशीत आणि शेळीत आयएस १३११ ने तोच प्रकार दाखवला, तरी ‘हिने तिला दिला’ हे ठरत नाही. गावातल्या दोघांचं आडनाव एक असलं म्हणून ते सख्खे भाऊ ठरत नाहीत. दिशा शोधायला याहून बारीक परीक्षा लागते, पूर्ण जनुकीय वाचणीपर्यंत जावं लागतं, त्यासाठी बहुधा आधी जंतू वाढवावा लागतो, आणि एवढं करूनही तुमच्या गोठ्यात उद्या सकाळी करायचं काम बदलत नाही. म्हणून पोटजातीच्या तपासणीला पैसे घाला, स्ट्रेनच्या नको. ते पैसे शेळ्यांच्या शेणावर घाला. पाच-पाच शेळ्यांचं शेण एकत्र करून सहा नमुने होतील. ज्यात खूण उमटेल तेवढ्याच पाच जणी पुढे एकेक तपासायच्या. शेळ्यांत हगवण पुष्कळदा दिसतच नाही, लेंड्या नीट असतात आणि शेळी नुसती वाळत जाते. त्यामुळे ‘आमच्या शेळ्यांना काही नाही’ यावर विसंबू नका.

पारड्यांकडे येतो, कारण माझ्या मते सगळा डाव तिथेच आहे. लागण बहुतेक पहिल्या काही महिन्यांत होते, शेणाने माखलेल्या सडातून, चिकातून, दुधातून, आणि रोग दिसतो दोन ते पाच वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा. परदेशी पुस्तकं सांगतात की पारडू जन्मताच आईपासून उचला. आपल्याकडे पारडू समोर नसलं तर म्हैस पान्हा सोडत नाही, हे त्या पुस्तकांना माहीत नाही. म्हणून मी असं सांगतो: व्यायची जागा वेगळी, धुतलेली, कोरडी. सड आणि मागचे पाय कोमट पाण्याने धुऊन पुसल्यावरच पारडू जवळ आणायचं, पान्हा सुटला की लगेच मागे घ्यायचं. पारड्यांची दावण म्हशींच्या उताराच्या वरच्या अंगाला, म्हणजे धुतलेलं पाणी त्यांच्याकडे वाहणार नाही. त्यांच्यासाठी फावडं आणि बादली वेगळी. चीक तपासणीत स्वच्छ निघालेल्या म्हशीचा, आधी साठवून ठेवलेला. पहिल्या वेताच्या म्हशीला आंबोण दाखवून पारड्याशिवाय पान्ह्याची सवय लावता येते, पंधरा दिवस चिकाटी लागते. जुन्या म्हशी ऐकत नाहीत, त्यांच्याशी झगडू नका.

शेण सावलीत, कोरड्या जागी असेल तर हा जंतू वर्षभरही तग धरतो. उन्हात लवकर मरतो. म्हणून पारड्यांच्या जागेवरची झाडी छाटून ऊन येऊ द्या. जमीन खरवडून, धुऊन, वाळवून मग फिनॉलवर्गातलं जंतुनाशक. शेणावर ओतलेलं औषध वाया जातं. या म्हशीचं खत भातखाचरात चालेल, पण हिरव्या वैरणीच्या वाफ्यात नको.

सासऱ्यांना माझ्यातर्फे एवढंच सांगा की पावसाळी हगवण चार महिने टिकत नाही, आणि थोड्या दिवसांसाठी शेण आवळलं तरी त्याला बरं होणं म्हणू नका. एफ ५७ पॉझिटिव्ह आली तर या म्हशीवर औषध नाही. तिला म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत किंवा दलालाला देऊ नका, ती दुसऱ्या कुणाच्या पारड्यांत हाच रोग सोडेल. गायीच्या बाबतीत राज्यात १९७६ च्या कायद्यानेच कत्तलीचा मार्ग बंद आहे, म्हशीसाठी सक्षम अधिकाऱ्याचा दाखला घेऊन तो खुला आहे. ते मनाला पटत नसेल तर कायमची वेगळी बांधा, वेगळ्या माणसाने वेगळ्या बुटांनी शेण काढायचं. मखदूमच्या संस्थेने देशी स्ट्रेनपासून लस तयार केली आहे. ती शेणातले जंतू आणि रोगाची लक्षणं कमी करते, लागण पुसत नाही, आणि दिल्यानंतर क्षयाची सुई वाचणं कठीण होतं. म्हणून आधी सुई-तपासणी पूर्ण करा, मग लसीचं बोलू.

मुलीचं दूध: नेहमीसारखं उतू येईपर्यंत उकळून द्या, बाकीच्या म्हशींचं. आजारी म्हशीचं दूध घरातही नको आणि डेअरीतही नको. या जंतूचा माणसाच्या आतड्याच्या क्रोन्स आजाराशी संबंध असल्याची चर्चा जुनी आहे, तो सिद्ध झालेला नाही. पण क्षयाची तपासणी पूर्ण होईपर्यंत कच्च्या दुधाचा थेंबही घरात कुणी घेऊ नये. धारा काढताना फेस चाटायची मुलांची सवय असते, तीही बंद.

नमुने पाठवताना क्रम असा ठेवा: आजारी म्हैस, मग तिच्या दोन्ही लेकी, मग शेळ्यांचे सहा. लेकींतही गाभण आहे तिचा आधी. लागण पोटातही होऊ शकते, आणि तिच्या हातात आता तीनेक महिने आहेत. रिपोर्ट आला की सीटीचे सगळे आकडे, आतल्या कंट्रोलसकट, मला पाठवा. ती व्यायच्या आत तिचा चीक पारड्याला द्यायचा की नाही हे आपल्याला ठरवायचंय, आणि नाही ठरलं तर दुसऱ्या म्हशीचा चीक तोवर साठवलेला हवा.